बुपेचे पहिले बूट

१ जून, रविवार
बुपे आता भिंतीला धरून चालते. अनवाणी! एन्डोलात ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाची एकुलती एक मुलगी, इथल्या ऐन जूनच्या थंडीत, सिमेंटवर अनवाणी. मेव्हणा चिटालु किट्वेहून आला होता. म्हणाला, भाऊजी, घरात असू द्या तशीच, लहान पावलं अशानेच भक्कम होतात. चिटालु कोंबड्या पाळतो. कोंबड्याही अनवाणीच असतात, तेव्हा त्याची धाव तिथवरच. पायांबद्दल मला कोणी शिकवू नये. अर्ध्या गावाचे पाय मी क्लचवर बसवलेत.
संकल्प: जुलैत वीर दिनाच्या सुट्टीला थोरल्या काकांकडे किट्वेला सगळे जमतील, तेव्हा बुपे बूट घालून, कोणाचाही हात न धरता अंगणभर चालेल. आणि सगळे बघत बसतील.

३ जून, मंगळवार
बूट आणले. घोट्याच्या वरपर्यंत, कडक चामडं, आत टाचेपुढे उंचवटा, पुढे ऐटबाज निमुळते. माझ्या बायकोने, मुसोंडाने, बायकांच्या सवयीप्रमाणे बूट हातात घेतला आणि वाकवायला गेली. वाकेना. म्हणाली, अहो, हा वाकत नाही तर तिचं पाऊल आत कसं वाकेल? मी म्हणालो, बूट आणलाय, पाव नव्हे.
दुकानदाराचं मात्र माझ्याशी एकमत झालं. समजूतदार माणूस. मी जे म्हणेन त्याला हो म्हणत होता.

७ जून, शनिवार
बुपे चालत नाही. बूट घातले की बसते आणि बुटांकडे बघत राहते. ताकद साठवत असावी.

८ जून, सकाळी
मुसोंडाने तिला खाकी कागदावर उभं केलं, पावलाभोवती पेन्सिल फिरवली, आकार कापून बुटात सरकवला. कागद पुढे चुरगळला. म्हणाली, बघा, बोटांचंही असंच होतंय. मी म्हणालो, कागद हलका आहे. हल्ली चांगला कागद मिळतोच कुठे?

१२ जून, गुरुवार
करंगळीवर लाल वळ. मुसोंडा बोलली. खूप बोलली. नवं इंजिनसुद्धा सुरुवातीला तापतं, एवढंच मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, बुपेचे बाबा, ही पोर आहे, टोयोटा नाही. मग तिने माझ्यापुढे मक्याच्या पिठाचा न्शिमा ठेवला आणि भाजी ठेवायला विसरली. मुद्दाम.

१४ जून, शनिवार
तोडगा सापडला! मोठ्या मापाचे बूट. पुढे कापूस कोंबला. वर्षभर तरी बघायला नको. एवढं साधं गणित या घरात कोणाला सुचत नाही.

२१ जून, शनिवार
बुपे पडली. बूट पुढे गेला, पाय मागेच राहिला. ओठ फुटला. रक्त फार नव्हतं. मी उचललं तर माझ्या शर्टाला गच्च धरून बसली, सोडेचना. जेवलो नाही. भूक नव्हती.
फरशी फार गुळगुळीत केलीय. मिस्त्र्याला सांगितलं होतं.

२४ जून, मंगळवार
दवाखान्यात बाळांच्या वजनाचा दिवस. नर्सबाईंनी ओठ पाहिला, मग बूट पाहिले, आणि विचारलं, हे कोणी निवडले? मुसोंडाने माझ्याकडे पाहिलं. संपूर्ण रांगेने माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, घरात अनवाणी राहू द्या, तळव्याला जमीन कळली पाहिजे. बाहेर जाताना मऊ तळाचे, पुढे रुंद, बोटांपुढे अंगठाभर जागा असलेले घाला. लहान मुलाचं पाऊल सपाटच दिसतं, उंचवटे कशाला? म्हणजे शब्दाशब्दाला चिटालु! नक्कीच त्याच्या ओळखीची असणार.
मी वाद घातला नाही. सरकारी दवाखान्यात पायांवरचं सखोल ज्ञान कोण ऐकणार? किट्वेत ऐकतील.

७ जुलै, सोमवार, किट्वे
गाडीतून उतरताना बुपेला पहिलेच, कडक बूट घातले. शोभले. काकांच्या अंगणात चाळीसेक माणसं. संधी साधून मी पायांवर दोन शब्द बोलायला उभा राहिलो. क्लच, टाच, तोल, शिस्त. लोक आधी चुळबुळत होते, मग एकदम गप्प झाले, डोळे मोठे करून ऐकू लागले. एक मावशी तर तोंडावर हात ठेवून. मी आवाज चढवला. आणि टाळ्या! बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. मी वाकून आभार मानले. दोनदा.
काका म्हणाले, अरे बाबा, मागे बघ.
मागे वाळलेल्या गवताच्या पलीकडे बुपे. अनवाणी. बूट मुसोंडाच्या मांडीवर. चटईवरून उठून, पूर्ण अंगण एकटीने ओलांडून, शेंगदाण्यांच्या टोपलीपाशी पोचलीसुद्धा.
मी खाली बसून हात पसरले. म्हणालो, ये, बुपे, परत एकदा. बाबांसाठी.
तिला शेंगदाणे हवे होते.

८ जुलै, मंगळवार
चिटालुने म्हणे मोबाइलवर सगळं टिपलंय. पहिलं पाऊल, दुसरं, सगळी वाट. मुसोंडा म्हणाली, छान आलंय, तुम्हीही आहात त्यात, पाठमोरे, हात वर करून.
पाठवतो म्हणाला. मी मागितलेलं नाही. कोंबड्यावाल्याकडे कोण मागणार?
सकाळपासून फोन जवळच ठेवलाय. अजून आलेलं नाही.