पट्टी सुटण्याआधी खुंट आणि वेल काढून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
उद्यान विभाग, नगरपालिका,
जुनी इमारत, तळमजला (जिन्याखालची खोली)

विषय : राहत्या घराच्या बागेतील तीन खुंट व मधुमालतीची एक वेल मुळासकट काढून जागा सपाट करून मिळण्याबाबत. काम येत्या शनिवारच्या आत होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागचा अर्ज, जो "सहधारकाची संमती जोडलेली नाही" असा शेरा मारून परत आला.
२) आपल्या निरीक्षकांनी केलेली पाहणी व फाटकाशी उभ्याउभ्या दिलेला सल्ला.

महोदय,

मागचा अर्ज परत देताना आपल्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, अर्जात एवढं मी, मी करू नका. अर्जदार म्हणा." म्हणून या खेपेस तसे लिहिले आहे. अर्जदार म्हणजे या घरातली थोरली सून. तिला सून म्हणणारे आता कोणी उरले नाही, पण घराच्या कागदावर पहिले नाव तिचे आहे. दुसरे नाव तिच्या जावेचे. जावेला घरात सगळे धाकटी म्हणत आले. केस पांढरे झाले तरी ती धाकटीच राहिली.

१. घर बैठे आहे. पुढच्या दोन खोल्या अर्जदाराच्या, मागची एक धाकटीची, आणि तिन्ही अंगांनी बाग. एके काळी तिला बाग म्हणता येत होते. फाटकापासून पायरीपर्यंत तिरक्या रोवलेल्या विटांची वाट होती. जांभळाखालची फरशी कितीही घासली तरी डाग जात नसत. लिंबाने अर्जदाराच्या एकाही चांगल्या कपड्याची बाही धड ठेवली नाही. पेरू तिच्या खिडकीला लागून होता. यजमान संध्याकाळी कामावरून आले की चपला काढायच्या आधी नळीला पाणी सोडत, आणि नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबून ते पानांवर पसरत. नळी कधीच फुटून गेली. तो आवाज अर्जदाराला अजून येतो. आज तिथे तीन खुंट आहेत. तिन्ही झाडे अर्जदाराने स्वतः समोर उभी राहून तोडून घेतली आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ती मरत नाहीत.

२. कोणते झाड का तोडले, असे निरीक्षकांनी विचारले होते. त्या वेळी सांगायचे राहिले, म्हणून आता लिहिते आहे.

धाकटी लग्नानंतर वर्षभरात एकटी झाली. धाकटा दीर तापाने गेला. माहेरचे न्यायला आले, तर ही म्हणाली, "इथं ताई आहेत ना." ताई होत्या, हे खरे, ताईंना कोणी विचारले मात्र नव्हते. अर्जदाराने तिला कधी उपाशी ठेवले नाही, कधी हात लावला नाही. मागची खोली दिली. त्या खोलीच्या दोन खिडक्यांपैकी एक कपाटासाठी बुजवून घेतली, एक ठेवली. धाकटी जांभळाखाली बसून धान्य निवडत असे. अर्जदाराची लेक शाळेतून आली की दप्तर पुढच्या दारात टाकून मागे पळायची. जांभळाला ती "काकूचं झाड" म्हणायची. एक दिवस अर्जदाराने लाकूडतोड्या बोलावला. संध्याकाळी लेक खुंटाजवळ उभी राहून हमसून हमसून रडली. तेव्हा धाकटी तिला म्हणाली, "वेडाबाई, रडतेस काय? आता बसायला स्टूल झालं की!" त्या स्टुलावर दोघी पुढे कित्येक वर्षे बसल्या. पहिला खुंट असा वाया गेला.

लिंबू यजमानांच्या आजारपणातले. अर्जदार उठून चहा ठेवीपर्यंत धाकटीचे लिंबूपाणी त्यांच्या हातात गेलेले असे. तोंड वाकडे करायचे, पण प्यायचे. अर्जदाराने केलेला काढा मात्र गार होऊ द्यायचे. बरे वाटेल त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून मागच्या खिडकीकडे बघत बसत. अर्जदाराचा कोणावर कसलाही आरोप नाही. असता तर ऐकून घेणारा माणूस हयात असतानाच तिने तो केला असता. लिंबू पडल्यावर यजमान पायरीवर आले आणि एवढेच म्हणाले, "चला, उन्हाची सोय झाली."

पेरू ते गेल्यानंतर तोडला. त्याला कारण नव्हते. तो समोर होता.

३. या खुंटांवर अर्जदाराने उकळते पाणी ओतले. खडेमीठ घातले. गिरमिटाने भोके पाडून मोरचूद भरला आणि वरून काळे प्लास्टिक बांधले. पाऊस पडला की प्लास्टिक फाडून धुमारे बाहेर. जांभळाच्या खुंटाला धाकटी भांडी विसळलेले पाणी घालते, हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. विचारले तर म्हणाली, "पाणी कुठंतरी टाकायचंच ना, ताई." आपल्या निरीक्षकांनी नखाने साल खरवडून पाहिली. "आजी, आत हिरवं आहे. कायद्यानं हे जिवंत झाड. हात लावलात तर दंड भराल." अर्जदाराने विचारले, मग करायचे काय? म्हणाले, "मेलं की अर्ज करा." अर्जदाराने पुन्हा विचारले, "आधी मी जायचं की त्यानं, हे तुमच्या कार्यालयात ठरलंय का?" निरीक्षक हसले. अर्जदार हसली नाही.

४. वेलीबद्दल. ही मधुमालती धाकटीच्या खिडकीवर पसरलेली आहे. हिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, सकाळपर्यंत गुलाबी होतात आणि पुढे लाल होऊन लोंबत राहतात. निरीक्षक म्हणाले, "वेल म्हणजे झाड नव्हे. खुशाल उपटा." अर्जदार तेच तर करत आली आहे! धाकटीच्या खिडकीखाली वेलीचे मनगटाएवढे खोड जमिनीत गेलेले आहे. ते अर्जदाराने कितीदा तरी छाटून घेतले, त्यावर इतके मीठ टाकले की तिथे गवतसुद्धा उगवत नाही. वर वेल हिरवीगार. एवढेच नव्हे, तर तिचे शेंडे अर्जदाराच्या खिडकीच्या फटीतूनही आत यायचे. धाकटीची वेल कोपऱ्यावरून वळून आता पुढच्या खोल्यांवरही हक्क सांगते आहे, असे अर्जदार धरून चालली. तिने खिडकी कायमची लावून घेतली, आणि बाहेरून दिसेल तो शेंडा रोज सकाळी शिवणाच्या कात्रीने कापला. एकही सकाळ चुकवली नाही.

धाकटीचा एक डोळा फार पूर्वीच गेला. दुसऱ्यावर पडदा आल्यापासून तिला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. संध्याकाळ झालेली ती वासावरून ओळखायची, आणि मग तिची हाक यायची, "ताई, आज फुलं पांढरी का लाल?"

अर्जदार सांगायची, "वाळली."

"मग वास कशाचा येतोय?"

"शेजारच्यांकडचा."

"शेजारी चांगले आहेत हो," धाकटी म्हणायची. हे रोजचे होते.

मागच्या अर्जाला तिने संमती दिली नाही ती यामुळेच. अर्जदाराने मागितली, तर म्हणाली, "ताई, हवी तर माझी खोली घ्या. मी स्वयंपाकघरात पडेन. वेल राहू द्या."

५. अर्जदाराची लेक परदेशी असते. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "काकू कशी आहे?" धाकटीच्या डोळ्याचे ऑपरेशन तिनेच तिकडून ठरवले. धाकटी दवाखान्यात असताना अर्जदाराने वेलीसाठी माळी बोलावला. हा माळी हात कमी आणि तोंड जास्त चालवणारा आहे. खिडकीखालचे खोड हलवून तो म्हणाला, "आजी, तुम्ही भलत्याचाच गळा धरलाय. हे मूळ नव्हे. फांदी जमिनीला टेकली, तिथं मुळ्या फुटल्या, एवढंच. खरी जागा दुसरीकडं." मग सुटलेल्या गुराचे दावे धरून निघावे तसा तो वेलीवर हात ठेवून चालू लागला. कोपऱ्यावरून वळला, पाण्याच्या टाकीमागून गेला, सांडपाण्याच्या नळाला धरून पुढे आला आणि अर्जदाराच्या खिडकीखाली, पेरूच्या खुंटामागे, धुमाऱ्यांच्या आड जाऊन बसला.

"ही बघा, मांडीएवढी! आजी, वेल तुमचीच की. इथनं तिकडं गेलीय. हिकडं कुणीतरी रोज खुडत बसलंय, मग ती तरी काय करणार? जिथं जागा दिली तिथं गेली."

अर्जदाराने त्याला चहा न देता परत पाठवले.

यजमानांची नोकरी संपली त्या वर्षी ते पेरूमागे गुडघे टेकून काहीतरी उकरत होते. अर्जदाराने खिडकीतून विचारले होते, "आता तिथं काय?" ते म्हणाले, "वर आली की कळेल." अर्जदार म्हणाली, "डास येतील," आणि खिडकी ओढून घेतली. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. कोणताही विषय दोनदा काढायची त्यांना सवयच नव्हती.

६. धाकटी डोळ्यावर पट्टी बांधून घरी आली. अर्जदाराने तिला खाटेवर बसवून सरळ विचारले, "वेल कुणाची गं?"

"तुमचीच की, ताई. भाऊजींनी तुमच्यासाठी लावली होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

धाकटीला समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने ती बोलतच राहिली. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम तुमच्या बाजूची छाटून माझ्याकडे वळवलीत. सकाळी कात्रीचा आवाज यायचा ना. मनात म्हणायचे, तोंडानं कडू आहेत, पण केलं माझ्यासाठी. रोज विचारायचे ते त्यासाठीच, की तुम्ही एकदा तरी म्हणाल, धाकटे, मी दिली तुला. वाळली म्हणायच्या तुम्ही, तर मला हसू यायचं. असं रोज कुणी वाळतं का? आता शनिवारी पट्टी सुटली की आधी वेल बघेन, मग तुमचं तोंड बघेन."

महोदय, अर्जदाराने असे काहीही केलेले नाही. इतक्या वर्षांत अनेकांनी तिला अनेक बोल लावले, ते तिने ऐकून घेतले. पण असा आरोप तिच्यावर कोणी केला नव्हता. तो खोटा आहे. कात्री वेल मारण्यासाठी चालवली होती, कोणाला काही देण्यासाठी नव्हे, याची आपल्या दप्तरी नोंद व्हावी.

७. संमतीचा कागद त्या वेळी अर्जदाराच्या हातातच होता. ती म्हणाली, "धाकटे, इथं सही कर."

"कशाचा कागद?"

"दवाखान्याचा."

"बोट धरा, ताई. कुठं करायची ते दिसत नाही."

अर्जदाराने तिचे बोट धरून रेघेवर ठेवले. बोट गरम होते. सही झाल्यावर धाकटीने विचारले, "सरळ आलीय का?" सरळ आली आहे, आपण तपासून पाहावी. कागद वाचून दाखवलेला नाही. तिने वाचा असे म्हटले नाही.

८. आता मागणी. तिन्ही खुंट आणि वेल, पेरूमागच्या मुळासकट, येत्या शनिवारच्या आत काढून मिळावी. वेल ओढताना धाकटीच्या खिडकीचे गज निघून आले तरी चालेल. पहारीचे आवाज मागच्या खोलीत जातील. त्याची काळजी आपण करू नये. शेजारच्यांकडे काम चालले आहे, असे अर्जदार तिला सांगेल. शेजारी चांगले आहेत असे तिचे मत आहेच. डॉक्टर म्हणाले आहेत की पट्टी सुटल्यावर उजेड सोसणार नाही, चार दिवस तिला हिरव्याकडे बघू द्या. हिरवे रस्त्याच्या कडेलाही पुष्कळ आहे.

खड्डे बुजवून, माती चोपून, जागा अशी करून द्यावी की इथे कधी काही होते हे नव्याने दिसू लागलेल्या माणसालाही कळू नये. ती विचारील तेव्हा काय सांगायचे, ते अर्जदाराचे रोज सांगून झालेले आहे.

आपल्या माणसांच्या कुऱ्हाडीची वाट पाहणारी,

(सही)
थोरली, अर्जदार
मंगळवार, सकाळी

सोबत :
१. सहधारकाची संमती, सहीनिशी.
२. घराच्या उताऱ्याची प्रत, दोन्ही नावांसह.
३. वेलीचा वीतभर तुकडा, पेरूच्या खुंटामागचा, आपल्या माणसांना ओळख पटावी म्हणून. ओल्या फडक्यात गुंडाळला आहे. फडके वाळू देऊ नये. काम झाल्यावर हा तुकडा अर्जदारास परत मिळावा. तो तिचा आहे.