हळू बोला, नाईट आहे

८ ऑक्टो.
बाबांची स्टील प्लांटात नाईट शिफ्ट. म्हणजे दुपारी दोनपर्यंत घरात श्वाससुद्धा चपला काढून घ्यायचा. आईने फाटकावर नेहमीचा पुठ्ठा लावला: हळू बोला, नाईट आहे. चार वर्षांपूर्वी बँडला नाव सुचेना तेव्हा हाच पुठ्ठा समोर होता. तेच नाव ठेवलं, ‘हळू बोला’. बँड म्हणजे दोघीच. लॅपटॉप नि कीबोर्डवर मी, गायला मिनल.

पाचवं गाणं झालं एकदाचं. दोघींच्या कानात हेडफोन, आणि मिनल गाद्यांच्या कपाटात डोकं घालून गायली. कुजबुजच ती. नंतर मी मशीनवर वाढवते. कुणीतरी ऑनलाइन लिहिलंय की ही कुजबुज म्हणजे या बँडची स्टाईल.
“स्टाईल कायची वं,” मिनल म्हणाली, “तुह्या बाबाची झोप होय ते.”
हसू आवरेना. आई दारात, ओठावर बोट. “कावून हसून राहिल्या वं? उठतीन ना ते.”

११ ऑक्टो.
रायपूरहून फोन! २५ला शो, तीन बँड. पहिल्यांदा स्टेज. शो करणारा माणूस (इथे डी. म्हणते) त्यातला एक बँड सहा शहरांच्या टूरवर नेणार आहे.
मिनलला घरून डिसेंबरपर्यंतची मुदत. नाही जमलं तर नागपूरला मामाकडे, बी.एड. ती गेली की बँड गेला. मी एकटी काय, कीबोर्ड पुसत बसू?
तेव्हा ही शेवटची संधी. लिहून ठेवते.

१७ ऑक्टो.
बाबांची फर्स्ट, सकाळची पाळी. दुपारपर्यंत घर मोकळं. मोठा स्पीकर काढला, धूळ पुसली, वायर लावली. तेवढ्यात आई, “भिंतीपल्याड साहूची नाईट आहे.” प्लांटच्या सेक्टर दोनमधल्या या ब्लॉकात कुणाची ना कुणाची नाईट असतेच.
बाबा आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, एकदा तरी मोठ्याने वाजवू द्या. ते बूट काढत होते.
“क्रेनले वितळलेल्या लोखंडाची बादली लटकून राहते, पोरी. वर क्रेन चालवनाऱ्याचा डोळा लागला तं खाली मानसं असतात. साहूची झोप बी झोपच होय.”
अठ्ठावीस वर्षांत या माणसाने एक नाईट चुकवली नाही. स्पीकर परत पलंगाखाली.

२६ ऑक्टो.
कालचं. लिहायला हात होत नाही.
हेडफोनमध्ये जो बेस मऊ वाटायचा तो तिथे खुर्च्या हलवत होता. मिनल ऐकूच येईना. साउंडवाला ओरडला, “दीदी, माइक चालू है, आवाज़ तो दो!” माइक वाढवला की शिटी, कमी केला की मिनल गायब. चार वर्षांत आमचं गाणं आम्ही एकदाही खोलीभर ऐकलं नव्हतं. दुसऱ्या गाण्याला लोक आपसात बोलायला लागले.
तिसऱ्याला मी लॅपटॉपमधला तिचा रेकॉर्ड केलेला आवाज सोडला. तिला विचारलं नाही. ती ओठ मिटून उभी राहिली, माइक हातात.
सगळ्यात जास्त टाळ्या त्याच गाण्याला.
बाइकवरून परतताना कुम्हारीला चहाला थांबलो तेव्हा मिनल म्हणाली, “मी नसती आली तरी चाललं असतं ना?” मी बिस्किट बुडवत बसले. ते तुटून चहात पडलं.

२८ ऑक्टो.
डी.चा मेसेज. टूर आपली. “वोकल लैपटॉप से ही चलाना, सेफ रहेगा.” ३१ला पाचपर्यंत हो की नाही कळवायचं.
ज्याची चार वर्षं वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते असं.
मिनलला पाठवला. तिचं उत्तर: “मंग मले कायले नेता? फोटोले?”
हो म्हटलं तर मिनल संपली, नाही म्हटलं तर बँड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२९ ऑक्टो.
सकाळी तिला घेऊन कुम्हारीच्या पुढे, हायवेच्या कडेला. ट्रकच ट्रक, कुणाची झोप मोडायची भीती नाही. म्हटलं, गा. ओरड. काहीही कर.
निघेना. वरच्या सुराला गेली की आवाज फाटतो, मग खोकला. “नाही निघून राहिला वं.” मैलाच्या दगडावर बसून रडली. मीही.

सहावीत विहारातल्या कार्यक्रमात माइक बंद पडला होता. ही तशीच गात राहिली आणि चौकातला पंक्चरवाला ऐकायला आला होता. होता तो आवाज. त्याला रोज ‘हळू, अजून हळू’ कोण म्हणालं? बाबा नाही, आई नाही. मी. झोपेचं निमित्त होतं खरं, पण कपाटातला तो छोटा आवाज माझ्या मशीनवर छान बसायचा. मला तोच हवा होता.
सांगितलं तिला. शरम वाटत होती.
“मले मालूम आहे,” म्हणाली. नाक पुसलं. “घरी चाल.”

३० ऑक्टो.
बाबांची परत नाईट. ‘हो’ लिहिलं, खोडलं. ‘नाही’ लिहिलं, खोडलं. मिनल फोन उचलत नाही. जेवण गेलं नाही. खूप भीती वाटते आहे, बाकी काही सुचत नाही.

३१ ऑक्टो., दुपार
पायरीवर बसून लिहिते आहे.
साडेअकराला मिनल आली. बाबा झोपलेले. तिने फाटकावरचा पुठ्ठा जणू पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचला, अंगणातल्या पेरूखाली उभी राहिली आणि आमचं पाचवं गाणं सुरू केलं. मोठ्याने. मी धावले, तिच्या तोंडावर ठेवायला हात उचललाही होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली घेतला.
आवाज खरखरीत, जागोजागी फाटलेला. आई आतून “मायबाई!” आणि मागोमाग बाबा, बनियानवर, डोळे लाल.
मिनल थांबली. “काका, चुकलं माह्यं. पन आज नाही गायली तं मंग कधीच नाही.”
बाबा म्हणाले, “हा आवाज तुह्या गळ्याचा होय? मले वाटे, ते मशीनच गाते.”
मिनलचा चेहरा मला बघवला नाही.
बाबांनी आत जाऊन फोन लावला. “साहब, आज नाईट में नहीं आ पाऊँगा. नींद नहीं हुई.” दुसरं कारण जोडलं नाही. येऊन पायरीवर, माझ्या शेजारी बसले. “आता तं उठलोच. पहिल्यापासून म्हन, बेटा.”

भिंतीवरून साहू काका डोकावताहेत. आई त्यांना हात जोडते आहे.
डी.ला लिहिलं: मिनल स्वतः गाईल, लॅपटॉपचा आवाज नाही, चालत असेल तर येतो. पाठवलेलं नाही. पाचला अजून वेळ आहे. मिनल वरच्या सुराला परत फाटली, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायली, आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं.