पडद्यावरच्या सात चिंध्या

अगं, कामावर पहिली पाळी आहे, निघतोय. चिठ्ठी तुझ्या शिलाई मशीनच्या सुईखाली ठेवलीय, म्हणजे तुला नक्की दिसेल.

काल दूध करपलं आणि मी माझ्या ताईसमोर तुला नाही नाही ते बोललो. पण स्वयंपाकघराच्या पडद्याला तू टाचलेल्या चिंध्या मीच काढल्या होत्या. ताई येणार, घर जरा बरं दिसावं म्हणून. गॅस चालू आहे हे विसरू नये म्हणून तो पेटवला की लाल चिंधी बाहीला लावायची आणि बंद केला की परत पडद्याला, ही तुझी पद्धत मला ठाऊक होती. तरी काढल्या.

वर ताई म्हणाली, "दिवसभर मान खाली घालून शिवते, हिला कसला एडीएचडी? तो दंगेखोर पोरांना असतो." मी मान डोलावली. लक्ष निसटणं तुझ्या हातात नाही, हे डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं होतं, तरी तू मनावर घेतलंस तर जमेल, असंच मी आतून धरून चाललो होतो. तू मात्र काल करपलेलं पातेलं घासत राहिलीस. त्याचीच धास्ती वाटतेय.

आत्ता चिंध्या ड्रॉवरमधून काढून परत टाचल्यात. लाल गॅसची. बाकीच्या सहा कशाच्या, हे मी अकरा वर्षांत कधी विचारलंच नाही. त्यातली पिवळी सापडत नाहीये. ती कशाची होती? छोटीला शाळेतून आणायच्या आठवणीची तर नव्हती ना?

उठल्या उठल्या फोन कर. रागावली असलीस तरी कर.