लॅपटॉपची टिंग गेली

३ ऑगस्ट. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. नियम दोन. एक, शुद्ध मराठीत लिहायची. केनवडच्या बाजारातली भाषा बाजारात. दोन, फक्त फॅक्ट लिहायचे. भावना नाही.

फॅक्ट: लॅपटॉपचा आवाज गेला. सगळा नाही. महाराजसाहेबांचं प्रवचन लावलं की खणखणीत ऐकू येतं. पण पूर्वी चुकीचं बटण दाबलं की टुंग व्हायचं, मेसेज आला की टिंग व्हायचं, व्हिडिओ कॉल आला की घरभर रिंग वाजायची. आता काही नाही. चार्जर काढा, लावा, पेनड्राइव्ह खुपसा. ढिम्म.

केव्हा गेला सांगता येत नाही. भागिरथीला सांगितलं तर म्हणते, एकदा कान दाखवून घ्या. बायको आहे म्हणून सोडून दिलं. चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतो मी. तांब्याला टिचकी मारून केसाएवढी चीर सांगतो. रिठदपासून लोक येतात, म्हणतात केशरीचंदशेठ, तुम्ही वाजवून द्या. असा कान बिघडत नसतो.

संकल्प: २७ तारखेला संवत्सरी. त्याच्या आत आवाज परत आणायचा. खास कारण काही नाही.

५ ऑगस्ट. दुपारी, दुकानात.

खास कारण लिहून ठेवतो. कोण वाचतंय?

संवत्सरीला आमच्या जैनांत लहान-मोठा प्रत्येक जण दुसऱ्याची क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं, वर्षभराचं तिथंच मिटवायचं. गेल्या वर्षी अख्ख्या केनवडनं माझी क्षमा मागितली. शेजारचा कापडवाला फुलचंद माझी गिऱ्हाईकं पळवतो, त्यानंही मागितली. एकट्या संयमनं नाही. संयम म्हणजे माझा मुलगा. पुण्याला असतो.

काय झालं होतं तेही फॅक्ट म्हणून लिहितो. दीड वर्षापूर्वी मंगरूळपीरहून पाहुणे आले, संयमला पाहायला. दुकानातच बसवले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कसा आहे शेठजी. मी संयमच्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणालो, वाजवून घ्या, जरा पोकळ आहे. धंद्यातला साधा विनोद. पाहुणे हसले, नोकर हसले, दारातला चहावाला हसला. हा नाही हसला. पाहुण्यांकडून निरोप आलाच नाही, आणि आठ दिवसांत हा बॅग भरून पुण्याला. जाताना म्हणाला, पप्पा, तुमी कोणाचं ऐकतच नाई.

ऐकत नाही! ज्याचा धंदा कानावर उभा आहे, त्याला हे सांगतो!

वळण लागावं म्हणून मोबाईलवर त्याचा नंबर ब्लॉक केला. पण शेवटी बाप आहे, लॅपटॉप उघडा ठेवला. लॅपटॉप त्यानंच घेऊन दिलेला, व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअरही त्यानंच टाकलेलं. ज्याला क्षमा मागायची त्याला रस्ता माहीत आहे. घरात सांगून ठेवलंय, त्यानं क्षमा मागेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही.

यंदा तो मागणार. म्हणून रिंग वाजली पाहिजे.

८ ऑगस्ट. सकाळी ११.

आवाज स्वतः दुरुस्त केला. इंटरनेटवर एका हिंदी माणसाचा व्हिडिओ आहे, तो म्हणतो ड्रायव्हर काढून टाका. काढला.

आता प्रवचनही ऐकू येत नाही.

निराश व्हायचं कारण नाही. आधी बिघाड अर्धा होता, कळत नव्हता. आता पूर्ण आहे, सापडायला सोपा.

९ ऑगस्ट.

लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रवचन परत आलं. म्हणजे माझ्या उपायाला चोवीस तास लागतात. टिंग अजून नाही. वाट पाहतो.

१२ ऑगस्ट.

चोवीस तास कधीच उलटले. टिंग नाही.

संशय भागिरथीवर. लॅपटॉपवर ती क्रोशाचं झाकण घालते, टीव्हीवर असतं तसं. आवाज त्यात मुरत असणार. झाकण काढून फेकलं. ती म्हणाली, प्रवचनाचा आवाज त्याच झाकणातून कसा येते मंग? बायकांना टेक्निकल गोष्टी समजावत बसलो तर दुकान कधी उघडू?

१४ ऑगस्ट. संध्याकाळी ५.

बसस्टँडवर वैष्णवीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रिठदच्या रामरावची मुलगी. हुशार म्हणतात. म्हणत असतील.

तिला सांगितलं, स्पीकर गेला, नवा टाक. तिनं गाणं लावलं, ऐकलं, म्हणाली, काका, स्पीकर तं ठणठणीत हाय, सेटिंगमंदी कोनीतरी बंद केलं असन, द्या पाहू. मी लॅपटॉप जवळ ओढला. म्हटलं, माझ्या घरात त्याला मी सोडून कोणी हात लावत नाही, आणि मी काही बंद केलेलं नाही, विषय संपला. मग पाठीमागून टिचकी मारून तिला दाखवलं. आवाज पोकळ येत होता. ती म्हणाली, काका, लॅपटॉप पोकळच असते.

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. उगाच. चारचौघांत वडीलधाऱ्या माणसाला असं बोलतात का? तिथून उठलो. परत त्या दुकानाची पायरी चढणार नाही, हा संकल्प.

१८ ऑगस्ट.

रिसोडहून मोठा स्पीकर आणला. आता प्रवचन हायस्कूलपर्यंत जातं. समोरचा टायरवाला हरिसिंग विचारून गेला, शेठजी, घरी लगन हाय का.

टिंग मात्र त्यातूनही नाही. म्हणजे स्पीकरही पोकळच निघाला.

२० ऑगस्ट. पर्युषण सुरू.

संवत्सरीपर्यंतचे आठ दिवस रागवायचं नाही, हा संकल्प.

सकाळी आमच्या जैन स्थानकात गेलो, प्रवचनाला. सगळ्यांसमोर फुलचंदनं माझं नाव काढलं. म्हणाला, गेल्या वर्षी केशरीचंदभाऊंनी आठ दिवस मौन पाळलं होतं, एवढंच नाही, आपल्या लॅपटॉपलेही मौन देलं होतं, असा त्याग पाह्यला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला शाल दिली होती तेव्हा, पाटीवर लिहून आभार मानले होते मी. वर्ष झालं तरी लोकांच्या लक्षात आहे. बरं वाटलं. फुलचंद म्हणाला, यंदाही घ्या मौन. मी म्हटलं, यंदा जमणार नाही, लॅपटॉप दुरुस्तीला काढलाय, दहा जणांशी बोलावं लागतं.

आल्यावर पुन्हा पाहिलं. आवाज नाही. कसा गेला असेल, देव जाणे.

२२ ऑगस्ट.

भागिरथी माझ्या सामायिकच्या, म्हणजे ध्यानाला बसण्याच्या वेळेला खोलीत आली. म्हणाली, गेल्या संवत्सरीचं एक सांगायचं हाय. मी बोट वर केलं. सामायिक चालू असताना बोलत नसतात, एवढं तिला चाळीस वर्षांत कळू नये? ती म्हणाली, तुमचं बोट वर्षभर वरच हाय. आणि गेली.

रागावलो नाही. थोडासाच.

२४ ऑगस्ट. सकाळी.

भागिरथी म्हणते, आवाजाच्या मागे कायले लागता, ते कॉलचं उघडून पाहून घ्या ना एकदा, कोनाचा आलता, कोनाचा नाई.

हिला फरक समजत नाही. उघडून पाहणं म्हणजे वाट पाहणं. बाप मुलाची वाट पाहत बसत नाही. वाजलं तर कान आहेत, ऐकीन. संयम गेल्यापासून मी ते एकदाही उघडलं नाही, याला म्हणतात निग्रह. त्याला वाटत असेल बाप रोज उघडून पाहतो. पाहत नाही म्हणावं! अन् दीड वर्षं एक टिंग नाही त्याची. कायले जन्म द्यायचा अशाले? लहानपणी ताप आला तर रातभर मांडीवर घेतलेलं पोट्टं, एका टिचकीनं तुटते?

(शुद्ध भाषा सुटली. उद्यापासून लक्ष देणे.)

२६ ऑगस्ट.

उद्या संवत्सरी. टिंग नाही. वैष्णवीला फोन केला. म्हटलं, घरी ये. पायरी चढणार नाही असा संकल्प होता, मी चढलो नाही, ती चढणार आहे. संकल्प शाबूत.

२७ ऑगस्ट. संवत्सरी. दुपारी ३.

वैष्णवी बारा वाजता आली. रस्त्यावर गणपती आणणाऱ्यांचे ढोल-ताशे चालले होते. साऱ्या जगाले आवाज, माझ्याच लॅपटॉपले नाही, असं मी तिले म्हटलं. उपास होता, बोलायचा मूड नव्हता.

दोन मिनिटं लागले तिले. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं अन् एक खिडकी उघडली. त्यात तीन पट्ट्या. प्रवचन जिथं चालते त्याची पट्टी फुल्ल. सिस्टिम साउंडची शून्य. कॉलवाली शून्य. वरून डू नॉट डिस्टर्ब पण चालू. वैष्णवी म्हणाली, काका, हे आपोआप होत नसते, कोनीतरी बसून एकेक पट्टी खाली ओढली, अन् प्रवचनाची तेवढी ठेवली.

मी म्हटलं, व्हायरस.

भागिरथी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, व्हायरस कायचा, गेल्या वर्षी मौन घेतलं तवा सकाळभर हेच करत बसले होते, लॅपटॉपलेही मौन द्याचं म्हणून. स्थानकात पाटीवर लिहून सांगतलं, लोकाईनं टाळ्या वाजवल्या. तुमचं मौन आठव्या दिवशी सुटलं, त्याचं कोन सोडनार?

वैष्णवीनं पट्ट्या वर केल्या. मुद्दाम चुकीचं बटण दाबलं. टुंग! वर्षानं ऐकला तो आवाज. मले हसूच आलं. मंग तपासून घ्यायले तिनं कॉलचं सॉफ्टवेअर उघडलं. वर लाल आकडा होता. थांब म्हणेपर्यंत तिनं वाचलं. मिस्ड कॉल, संयम. गेल्या वर्षीच्या संवत्सरीच्या संध्याकाळी सात पन्नास. आठ पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीस. खाली एक मेसेज. पप्पा, मिच्छामि दुक्कडम्. उचला ना.

मंग दिवाळीच्या पाडव्याले एक कॉल. त्याच्यानंतर काही नाही.

वैष्णवीनं बॅग उचलली. जाताना माझ्याकडं पाह्यलं नाही, बरं झालं.

भागिरथीले विचारलं, तुले माहीत होतं? म्हणाली, माहीत होतं, पोरगं मले फोनवर रडत होतं, पप्पा उचलत नाई म्हणे. मंग सांगतलं काहून नाई? तर म्हणाली, आलती सांगाले, तुमी बोट दाखवलं, मौन हाय. मौन सुटल्यावर आली तं म्हटलं, त्याचं नाव काढाचं नाई. यंदा आली तं सामायिक.

ढोलवाले गेले.

२७ ऑगस्ट. संध्याकाळी ५.

निर्णय घेतला. यंदा मी मागणार. मोठ्या माणसानं आधी क्षमा मागितली तर मोठाच आणखी मोठा होते. मोबाईलवर नाही, ब्लॉक काढणं म्हणजे माझंच चुकलं असं होईल. लॅपटॉपवरून कॉल करायचा. सकाळी सहा चाळीसले. त्यानं केलता त्याच वेळेले. त्याले समजन.

काय बोलायचं ते लिहून काढलं. झालं ते झालं. माझी गंमत तुले लागली, पण तुझंही थोडं चुकलंच. खोडलं. लॅपटॉपचा तांत्रिक बिघाड होता. खोडलं. फक्त मिच्छामि दुक्कडम् ठेवलं. आरशासमोर चार वेळा म्हणून पाह्यलं.

२८ ऑगस्ट. सकाळी ६.५०.

काल संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना झाल्यावर सगळ्याईची क्षमा मागितली. फुलचंदची, हरिसिंगची पण. हरिसिंगले समजलं नाही कशाची, तरी त्यानं हात जोडले.

सहा चाळीसले कॉल लावला. पांढरा झब्बा घातला, केस विंचरले. काय सुंदर रिंग जाते! एकेक घंटी स्वच्छ. पूर्ण वाजली. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. पूर्ण वाजली. तिसऱ्यांदा.

समजलं. त्याच्याही लॅपटॉपचं सिस्टिम साउंड शून्यावर असन. आजकाल सगळ्याईचंच असते. तीन पट्ट्या कुठं असतात ते मोठ्या अक्षरात लिहून पाठवतो, चित्र काढून. दोन मिनिटाचं काम हाय. तवरक चौथ्यांदा लावून ठेवतो.

६.५८.

स्वयंपाकघरात भागिरथीचा मोबाईल वाजला. तिनं स्पीकरवर घेतला, हात पिठाचे होते. संयम. मिच्छामि दुक्कडम् आई, म्हणाला. किती दिवसांनी आवाज ऐकला त्याचा, जाड झाला जरासा. भागिरथी हळू बोलली, अरे पप्पा लावून राह्यले तुले मघापासून, लॅपटॉपवर, उचल ना बेटा. इथं माझी रिंग चालूच होती. तिकडं त्याच्या खोलीत तीच रिंग वाजत होती, ती भागिरथीच्या फोनमधून भिंतीपलीकडून येत होती. मले दोन्ही ऐकू आल्या, एकामागं एक.

त्यानं म्हटलं, ऐकून राह्यलो आई. वाजू दे.

फॅक्ट: आवाजात काही बिघाड नाही. त्याच्या पण नाही, माझ्या पण नाही. माझा कान ठणठणीत हाय.