समोर बसून केलेली सही

प्रिय आमा,

लेकीचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आपल्या खोऱ्यात टपालाची गाडी तूच चालवतेस, त्यामुळे हे पाकीट तुझ्याच हाताने आपल्या दाराच्या पेटीत पडेल. आलेलं टपाल न उघडता परत धाडणं तुला जमायचं नाही, एवढ्याच भरवशावर लिहितेय.

कोकरं कशी आहेत? गेल्या आठवड्यात इथे गावातही बर्फ पडला तेव्हा मला सारखा आपला गोठाच दिसत होता. माझ्या भाड्याच्या खोलीत ओव्हन आहे, पण ब्रेड तुझ्यासारखा फुगत नाही. आइता बापाच्या अधिकाराने म्हणायचे, लोखंडी भांडं निखाऱ्यात पुरल्याशिवाय मेंढपाळाचा ब्रेड होतच नाही, बाकीचा सगळा दुकानातला. खोलीत निखारे कुठून आणू? मग तोच घट्ट तुकडा कॉफीत बुडवून खायचे आणि अर्ज तपासायला सरकारी ऑफिसला जायचे.

ऑफिसचं नाव काढलं की तू कागद खाली ठेवशील, माहीत आहे. ठेवू नकोस.

आइता गेले त्या दिवशी शहरातून रुग्णवाहिका निघाली आणि आपण त्यांना पिकअपमध्ये घालून तिला वाटेत गाठायला निघालो, तो रस्ता मी अजून स्वप्नात बघते. मला काकाच्या जागी असलेले पेल्लो ओसाबा मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखे म्हणत होते, "बेन्यात, दिवे दिसायला लागले बघ, आलीच गाडी." दिवे कुठेच नव्हते. दफनानंतर स्वयंपाकघरात तू एवढंच म्हणालीस, "आपल्या खोऱ्यात कुणाचं माणूस असं रस्त्याकडे डोळे लावून जायला नको." दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस की खोऱ्याची स्वतःची रुग्णवाहिका ठेवायची तर काय करावं लागतं. मला किती अभिमान वाटला होता! घरात कॉलेज शिकलेली मी एकटी, आणि पहिल्यांदाच माझं शिक्षण घराच्या उपयोगी पडणार होतं. मी तुला सांगितलं, खोऱ्यापुरता सेवा-जिल्हा मागायचा, म्हणजे तेवढ्या हद्दीने कर भरून स्वतःची गाडी चालवायची. त्याचा अर्ज असतो. हद्द कुठून कुठे ते लिहायचं, नकाशा जोडायचा, जमिनीवर किती कर बसेल ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापायचं, आणि हद्दीतल्या मतदारांच्या पुरेशा सह्या आणायच्या. मग शरद ऋतूत सगळं खोरं मत देणार. प्रत्येक पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याने शपथेवर लिहून द्यायचं असतं की यातली प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर झाली.

तू सगळं ऐकून घेतलंस. हद्द तर तू नकाशा न बघताच सांगितलीस, कारण तुझ्या गाडीचा फेरा म्हणजेच हद्द. लोकांना वाटलं, झालं काम, ही बाई रोज प्रत्येक दाराशी जाते, आठवड्यात सह्या घेऊन येईल. पण तू म्हणालीस, "टपालाच्या गाडीत टपालाशिवाय काही नाही. सरकारी वेळेत मी कुणाकडे सही मागणार नाही." एवढा एक नियम पाळायला म्हणून तू ती पानं पाटीला लावून वांडाच्या दुकानात, कॉफीच्या भांड्याशेजारी, सुतळीने पेन बांधून टांगलीस. आपल्याकडे सगळंच तिथे टांगतात. आजाऱ्याला पाठवायचं कार्ड, सामुदायिक जेवणाला कोण काय आणणार त्याचा कागद, हरवलेल्या कुत्र्याची चिठ्ठी. जो कॉफी प्यायला येतो तो लिहून जातो, आणि घरी राहिलेल्याचंही लिहून जातो. यात लबाडी आहे असं आपल्या खोऱ्यात कुणाला स्वप्नातही वाटणार नाही. पानं भरली तशी तू एकेकाच्या तळाशी सही करून दिलीस.

ती पानं ऑफिसात आली तेव्हा माझ्या वरिष्ठ मिसेस ऑल्ड्रिच मला म्हणाल्या, "मायालेन, तुझ्या आईचा हा गठ्ठा मी बघते, तू जेवून ये." त्या मोठ्या मनाने म्हणाल्या होत्या. मीच हट्ट धरला. मला वाटलं, माझ्यासारखी काळजी कोण घेणार? कुणाचा घरनंबर राहिला असेल तर फोन करून विचारीन, कुणाचं अक्षर लागलं नाही तर मला ते माणूस माहीत आहे. आमा, ओळखीची माणसं हीच माझी मदत होईल असं वाटलं होतं.

दुसऱ्याच पानावर पेल्लो ओसाबांची सही होती आणि तिच्या खाली, त्याच हाताने, त्याच निळ्या शाईत, बेन्यात इरिगाराय.

आइतांचं नाव, त्यांच्या दफनानंतर लिहिलेलं. ते अक्षर मी लहानपणापासून ओळखते. दोघं डोंगरात एका तंबूत राहायचे, आणि ज्याची खाली दुकानात यायची पाळी असेल तो दोघांची सही करून पीठ आणि तंबाखू घेऊन जायचा. पाळी बहुतेक ओसाबांचीच असायची. वरच्या कुरणाच्या ऍस्पनच्या खोडावर दोघांची नावं कोरलीत तीसुद्धा ओसाबांनीच. आइता मेंढ्यांच्या मागे असायचे, आणि ओसाबा म्हणायचे, "तुझ्या बापाला झाडाशी उभं राहायला वेळ कुठे!" मी त्यांना फोन केला. त्यांनी आधी मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाले, "पोरी, हात आपोआप गेला गं. एकाचं लिहून पेन खाली ठेवायची सवयच नाही मला."

आणि त्या पानाच्या तळाशी तू शपथेवर लिहिलं होतंस की प्रत्येक सही तुझ्या समोर झाली.

मी आइतांच्या नावावर लाल पेन्सिलीने रेघ मारली. त्या रेघेचं काय सांगू तुला? पट्टी लावून मारली. तेवढंच करून थांबता आलं असतं तर! पण तळाची शपथ खोटी ठरली की पानच बाद होतं, आणि दुकानातली सगळी पानं एकाच पाटीची होती. मी मिसेस ऑल्ड्रिचना जाऊन सांगितलं. आपला अर्ज पडला.

सुनावणीत अध्यक्षांनी तुला विचारलं, तेव्हा तू टोपी काढून उभी राहिलीस. "नाही, साहेब. पाटी दुकानात होती. सही करणारे सगळे खरे आहेत, पण मी समोर नव्हते. चूक माझी." पेल्लो ओसाबांचं नावही तू काढलं नाहीस. अध्यक्षांनी तुला ताकीद देऊन सोडलं, अर्ज नव्याने करा म्हणाले. तू माझ्या टेबलासमोरून गेलीस आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाहेर पायऱ्यांवर वांडा मला ऐकू येईल असं म्हणाली, "शिकलेल्या लेकीनं बापाला दुसऱ्यांदा पुरलं." तू तिला गप्प केलं नाहीस, आणि मला त्याचा राग नाही आला.

आमा, मी रोज स्वतःला सांगते की मी बरोबर होते. आणि ते खरंही आहे, म्हणूनच जास्त टोचतं. चुकले असते तर तुझ्यापुढे मान खाली घालून माफी मागून मोकळी झाले असते. बरोबर असण्याची माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. मध्ये एकदा वाटलं, कायदाच दगडासारखा आहे. मग हेझल म्हातारी आठवली. तिचं नाव पानावर होतं, तिच्या पुतण्याच्या अक्षरात. ती दुकानापर्यंत येतच नाही हल्ली. उद्या जिल्हा झाला तर तिच्याही जमिनीवर कर बसेल, आणि तिला कुणी विचारलेलंच नसेल. तिच्या दारात जाऊन, तिच्या तोंडाकडे बघून कुणीतरी विचारायला हवं, एवढंच तो कायदा मागतो. तो वाईट नाही. मी मात्र त्याच्यामागे खुर्चीत बसून होते, आणि दारोदार जायचं तुझ्यावर सोडलं होतं. ते मला सहन होत नाही.

जूनमध्ये मेंढ्या डोंगरावर चढल्या की अर्धं खोरं तंबूत जाईल आणि सह्या पुन्हा लांबतील. ऑफिसात काम करणाऱ्याला असा अर्ज फिरवता येत नाही. म्हणून गेल्या शुक्रवारी मी नोकरी सोडली. मिसेस ऑल्ड्रिच रागावल्या, मग नवीन कोऱ्या पानांचा गठ्ठा त्यांनीच मोजून दिला. मी येत्या शनिवारी येतेय. गोठ्यापासून सुरुवात करून तुझ्या फेऱ्यातल्या प्रत्येक दाराशी पायी किंवा पिकअपने जाईन, हेझलच्या घरी बसेन, ओसाबांच्या दारात जाईन आणि ते फक्त स्वतःचंच नाव लिहितात ना ते उभी राहून बघेन. पण पहिली ओळ मी कोरी ठेवणार आहे, ती तुझी. तू मला दारात घेशील की नाही मला माहीत नाही. बोलू नकोस हवं तर. कॉफीही देऊ नकोस. फक्त स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्या समोर बस आणि सही कर, कारण तुझा हात चालताना मला तुझ्याकडे बघावंच लागेल. त्याशिवाय खाली शपथेवर माझं नाव घालता येणार नाही.

तुझीच लेक,
मायालेन