पंगतीची यादी वाढवताना

ती. भावजींना गविसिद्धाचा दावणगेरेहून नमस्कार. तुमचा गुडघा आणि अक्काची कंबर शिरसीच्या गारव्यात कुरकुरत नसतील अशी आशा. मी ठीक. (भुकेल्या पाहुण्यांत उभं राहून माणूस मरत नाही, हे रविवारी कळलं.)

तुमचे वर्गमित्र म्हणून मूर्ती सरांनी मला त्यांच्या पंगतीच्या फलकाच्या कामावर घेतलं, पण कायम ठेवायचं की नाही हे रविवारच्या लग्नावर ठरणार होतं. काम सोपं. पाहुण्याने दारात नाव सांगायचं, पान मोकळं झालं की त्याचं नाव फलकावर उजळायचं. प्रोग्रॅम माझा, सी भाषेतला. फलकाच्या पेटीची मेमरी माझ्या शिक्षणाइतकीच, म्हणून आधी दोनशे नावांपुरती जागा घेतली. भरली की रिअलॉक या फंक्शनने वाढवायची. (पुरणाच्या होळिगे मात्र उत्तम होत्या. तूप मागावं लागत नव्हतं.)

दोनशे भरली आणि पुढचं नाव आलं. रिअलॉकला जागा मिळेना, त्याने नल, म्हणजे 'पत्ताच नाही', हे उत्तर दिलं, आणि जुन्या यादीचा पत्ता ज्या व्हेरिएबलमध्ये होता त्याच्यावरच मी ते उत्तर लिहून घेतलं. नावं मेमरीत जिथल्या तिथे होती, फक्त कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय माझी हुशारी अशी, की यादी नसेल तर नवी, लहानशी सुरू कर. पेटीने मुकाट्याने केली. तेवढ्यात दारात वाजंत्रीवाले आले, नव्या यादीत तेच पहिले, म्हणून ते आधी बसले. नवरीचा मामा केव्हाचा ताटकळत होता. तो जवळ येऊन शांतपणे म्हणाला, "काय रे, मी जेवलो असं तुझ्या पेटीला कुणी सांगितलं?"

मूर्ती सरांनी माफी मागून मामांना बसवलं. मग मला म्हणाले, "बाबा रे, उत्तर आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घे. नल आलं तर जुना पत्ता शाबूत राहतो, लोकांना थांबा म्हणता येतं. नल नसेल तरच जुन्यावर नवा लिही." तसं करून दिलं. आता चालतं.

पण ठेवतो की काढतो, यावर ते अक्षर बोलेनात. म्हणून मीच राजीनामा लिहून लखोटा त्यांना दिला. हुबळीच्या एका दुकानात माझं जवळजवळ पक्कं आहे. काळजी नसावी.

आपला,
गविसिद्ध

ता. क. हुबळीवाल्यांचा आत्ताच फोन आला. त्यांनी मालकाच्या भाच्याला घेतलं.

ता. क. सर म्हणाले, पुढच्या लग्नालाही तूच ये. लखोटा त्यांनी अजून उघडलेला नाही. उद्या ते मुंजीसाठी तुमच्याकडेच उतरतायत. हात धुवायला गेले की तेवढा लखोटा त्यांच्या बॅगेतून काढून घ्या. (फोन केला असता, पण तो अक्का उचलते.)

ता. क. हे पत्रही त्यांच्याच हाती पाठवतोय. दोन्ही लखोटे एकाच पुड्यातले, वर नाव घालायचं राहिलं. तुम्ही हे वाचत असाल, तर त्यांनी योग्य तोच दिला.