साहसवित्ताचे गाऱ्हाणे

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

नांदगाव, वैशाख वद्य पंचमी

परमस्नेही मिंगेलबाब यांस दत्तारामाचा मनःपूर्वक नमस्कार.

रवळनाथाच्या कृपेने येथे सर्व सुखरूप असून तुमच्या चर्चमधल्या सायबिणीच्या कृपेने बांद्यासही तसेच असावे. सेलेस्तीनवहिनींचा गुडघा कसा आहे? मागे सुचविलेले निर्गुडीचे तेल त्यांनी लावले नसणार, हे गृहीत धरून पुन्हा सुचवितो.

पत्रास कारण आमची नात तन्वी. (तुम्ही तिला ओळखता, लहानपणी तुमच्या बागेतील चिकू ती तुमच्या देखत खात असे.) अभियंता होऊन ती घरी परतली ती कंपनी काढण्यासाठी. तिने एक यंत्र रचले आहे: खांबावर कृत्रिम डोळा, आणि त्यास वानर दिसला की भोंग्यातून वाघाची डरकाळी. जन्मभर मारुतिरायाची उपासना केलेल्या माणसाच्या परसात त्याच्याच गोत्रजांस पिटाळण्याचे यंत्र! फार दिवस मी धर्मसंकटात होतो. शेवटी स्मरले, की वानरांनी मधुवनाची नासाडी केली तेव्हा तेथील रखवालदारानेही राजाकडे तक्रार नेली होती. म्हणजे तक्रारीस शास्त्राधार आहे. यंत्राची परीक्षा आमच्याच बागेत झाली. डरकाळी ऐकून वानर पळाले खरे. पण आमची गायही दावे तोडून पळाली, आणि तिला शोधून आणीपर्यंत वानर परत येऊन बसले होते.

आता प्रश्न द्रव्याचा. सरकार अशा नवउद्योगांस साहाय्य करते, त्यास साहसवित्त म्हणतात. साहस एकाचे, वित्त दुसऱ्याचे. मात्र सरकार पैसे थेट देत नाही. ते एका निधीस देते, तो निधी दुसऱ्या निधीस देतो, आणि तो दुसरा निधी उद्योजकास मुलाखतीस बोलावतो. भगीरथाची गंगा आठवा. स्वर्गातून निघाली ती शंकराच्या जटेत अडकली. तेथून सुटली तर जह्नू ऋषींनी पिऊन टाकली. जह्नूंनी निदान कानावाटे परत सोडली. (निधीच्या समित्यांना कान असतात की नाही, याविषयी शास्त्र मौन आहे.) त्यात अट अशी, की पहिला ग्राहक दाखवा, मग पैसे. ग्राहक म्हणतो, पक्के यंत्र दाखवा, मग मागणी. आणि पक्के यंत्र करण्यास पैसे लागतात. न्यायशास्त्रात यास चक्रकदोष म्हणतात, शासकीय परिपत्रकात पात्रता.

इकडे बंगळुरूच्या एका कंपनीचे बोलावणे आलेले. तन्वीने मला स्वच्छ सांगितले, "आजोबा, ह्या पैशांचा जमला नाय, तर मी जातलंय." मिंगेलबाब, हिची आजी गेल्यापासून या घरात मला उलट उत्तर देणारे एवढे एकच माणूस उरले आहे.

गेल्या सोमवारी कणकवलीस समिती बसली, तन्वीसोबत मीही गेलो. अध्यक्ष मुंबईचे, तरुण. बाकीचे चौघे आपल्याच जिल्ह्यातले, त्यांत एक काजूचे कारखानदार, एक निवृत्त बँक अधिकारी. तन्वी उत्तम बोलली. मग अध्यक्षांनी विचारले, "तुमचा पहिला ग्राहक कोण?" तन्वी कागद चाळू लागली. तिच्या चेहऱ्यावर मला बंगळुरूची गाडी दिसू लागली, आणि मी उठलो. (मला कोणी उठण्यास सांगितले नव्हते.) देवळात गावाच्या वतीने देवास गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याकडे, चार माणसांपुढे उभा राहिलो की माझ्या तोंडून दुसरे काही निघतच नाही.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या लेकरान एक यंत्र केल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" बँक अधिकारी बोलून गेले.

"बांद्याच्या मिंगेलबाबाच्या बागेत पयला यंत्र बसतला..."

"व्हय म्हाराजा!" आता चौघेही. दारातला शिपाईसुद्धा.

"तर ह्या कामाक हातभार लावन येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपल्या मातीत जन्मलेला माणूस गाऱ्हाण्यास 'व्हय म्हाराजा' म्हणतो तो विचार करून नव्हे. श्वास घ्यावा तसा म्हणतो. मुंबईच्या अध्यक्षांस हे कोठून ठाऊक असणार? ते म्हणाले, "वा, एकमत दिसते. मंजूर." चौघे एकमेकांकडे पाहू लागले, पण देवापुढे दिलेला होकार मागे घेण्याचे साहस एकासही होईना. बाहेर काजूवाल्यांनी मला गाठले. "आजोबा, तुमी आमका बरे गुंडाळलास!" मी म्हटले, "मी देवाक सांगलंय. तुमका कोणी इचारलेला?"

तरीही मन स्वस्थ नाही. तुमच्यात पाद्रीबाबांसमोर कबुली देऊन मोकळे होता येते. आमच्यात पुढच्या जन्मापर्यंत थांबावे लागते. म्हणून हा पत्रप्रपंच.

घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे, आणि तेलाचे विसरू नये.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. तुमच्या बागेत यंत्र बसविण्याविषयी तुम्हांस विचारायचे राहिले होते, हे चतुर माणसाच्या ध्यानी आलेच असेल. विषय आता देव आणि सरकार या दोघांपुढे गेलेला असल्याने नकार देणे तुमच्याच हिताचे नाही. रविवारी, तुमची प्रार्थना आटोपल्यावर, तन्वी खांब घेऊन येईल.

दुसरा ता. क. तिने बंगळुरूस नकार कळविला. आज सकाळी मी चहात साखर जास्त घातली म्हणून मला पुष्कळ बोलली. फार बरे वाटले.

तिसरा ता. क. (हा वाचून फाडावा.) धंदा फार चालला तर अशा कंपन्यांना गुंतवणूकदार बंगळुरूसच नेतात, असे ते अध्यक्ष निघताना कौतुकाने सांगत होते. तेव्हा एक विनंती. यंत्र बिघडले, असे तिला कदापि म्हणू नये. पोरीचे मन मोडेल. पण दर पंधरवड्यास एखादी बारीक तक्रार कळवीत जावी. वानर पळतात, पण पुरेसे लांब पळत नाहीत, इतपत पुरे.